चव्हाट्यावर बसायचा हक्क

"ओ भाऊ, ऊठ इथून. इथं बसाचं नाई."

डाळमिलची रात्रपाळी सुटली होती. सकाळचे सव्वासात. अंगावर तुरीच्या टरफलाचा भुगा, नाकात धूळ, पाय शिशाचे झालेले. मिलपासून वस्तीपर्यंत पायी पाऊण तास. मध्ये एक चौक लागतो. त्या चौकात नवं कारंजं झालंय. कारंज्याला पाणी नाही, पण गुळगुळीत दगडाचा कठडा आहे. मी त्यावर टेकलो. दोन मिनिटं झाली असतील. शिट्टी वाजली, काठी आपटली आणि वरचं वाक्य आलं.

मी उठलो. निमूट उठलो. चार पावलं गेल्यावर लक्षात आलं की आपण "का?" असं विचारलंच नाही. कविता लिहितो, जयंतीला भाषण ठोकतो, मोर्च्यात घसा फाडतो, आणि एका काठीनं ऊठ म्हटलं तर उठतो. ही सवय कुठून आली? माझ्या हाडात ती कोणी घातली?

त्या दिवसापासून एक प्रश्न डोक्यात भुंग्यासारखा फिरतोय. चौक कुणाचा? त्यातून जाणाऱ्याचा की त्यात थांबणाऱ्याचा? आणि थांबायचा हक्क कुणाला, काही विकत घेणाऱ्याला की नुसत्या माणसाला? तुम्ही म्हणाल, अत्याचार होतायत, नोकऱ्या संपल्यात, शिष्यवृत्त्या अडल्यात आणि हा गडी चौकातल्या कठड्यावर लेख लिहितोय. दोस्तहो, थोडा दम धरा. विहिरीच्या पाण्याचा प्रश्नही कुणालातरी असाच बारीक वाटला होता.

०

आधी आपली भाषाच तपासू. 'चव्हाट्यावर आणलं' म्हणजे अब्रू काढली. 'रस्त्यावर आला' म्हणजे बुडाला. उतारा टाकायचा तो तिठ्यावर, चौरस्त्यावर. लिंबू, बाहुली, हळदकुंकवाचा भात. घरातली पीडा चार वाटांच्या तोंडाशी नेऊन ठेवायची आणि मागं वळून न बघता परत यायचं. ज्यांना वाडा होता, वाड्याला दिंडीदरवाजा होता, त्यांची ही भाषा. ज्यांचं सगळं आत होतं, त्यांना बाहेर म्हणजे बदनामी, बाहेर म्हणजे घाण.

पण ज्याला आतच नव्हतं त्याचं काय? आपल्यावरचा अन्याय आतच घडला. गावकुसाच्या आत, वाड्याच्या आत, शेताच्या धुऱ्याआड. तो जोवर आत होता तोवर त्याला नाव होतं 'रीत'. तो चव्हाट्यावर आला आणि त्याला 'गुन्हा' हे नाव मिळालं. म्हणून त्यांच्या शब्दकोशात चव्हाटा शरमेचा असेल, आपल्या शब्दकोशात तो साक्षीचा आहे. चार लोकांसमोर बोलता येतं ती जागा. ज्यांचा अन्यायच आत घडतो, त्यांनी बाहेरची जागा गमावून चालत नाही.

'सार्वजनिक' हा शब्द आपल्याला कुणी आंदण दिलेला नाही. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव पास झाला. सरकारी पैशानं बांधलेली पाणवठ्याची ठिकाणं, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले. महाडच्या नगरपालिकेनं १९२४ साली चवदार तळं कागदावर खुलं केलं. कागद तसाच पडून राहिला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसं महाडच्या रस्त्यांवरून चालत गेली, ओंजळीनं पाणी प्याली, तेव्हा तो कागद जिवंत झाला. काही महिन्यांतच नगरपालिकेनं ठराव मागं घेतला. मग कोर्टकचेरी. हे तळं सार्वजनिक नाहीच, आमच्या खाजगी मालकीचं आहे, असा दावा समोरच्यांनी केला. दहा वर्षं गेली. १७ मार्च १९३७ ला हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला.

यातून मी माझ्यापुरता एक धडा घेतला. एखादी जागा सार्वजनिक आहे हे पाटीवर लिहिल्यानं ठरत नाही. तिथं सगळ्यात खालचा माणूस जाऊन थांबला आणि त्याला कुणी ऊठ म्हटलं नाही, तर ती सार्वजनिक.

त्रावणकोरात वायकोमचा सत्याग्रह झाला, ३० मार्च १९२४ ला सुरू झाला. तो देवळात शिरण्यासाठी नव्हता, देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून चालण्यासाठी होता. वीस महिने चालला. शेवटी तडजोड झाली. तीन बाजूंचे रस्ते खुले, पूर्वेचा राखीव. नुसत्या चालण्यासाठी वीस महिने, तेही चारातले तीनच रस्ते! पुढं संविधान आलं. त्याच्या पंधराव्या कलमात विहिरी, तळी, घाट यांच्या शेजारी 'रस्ते' हा शब्द आहे, सार्वजनिक राबत्याच्या जागाही आहेत. हा शब्द तिथं का आला असेल हे ज्याला कळलं, त्याला माझा लेख पुढं वाचायची गरज नाही.

०

आता आक्षेप. तो माझा नाही, मिलमधल्या माझ्या जोडीदाराचा आहे. त्यानं यंदा हप्त्यावर मोटरसायकल घेतली. मी त्याला म्हटलं, "चौकात चालणाऱ्याले जागा पायजे. गाड्यांचा वेग कमी कराले पायजे."

तो हसला. "काय बे, पागल झाला का? माझा आजा जलमभर अनवाणी चालला. बाप सायकलवर गेला. मी आत्ता कुठी गाडीवर बसलो. अन् तू म्हणतं उतर खाली? चालणं काय असते ते आपल्याले नको शिकवू. चालू चालूच मेलो आपण."

मला तिथं उत्तर सुचलं नाही. तो खरं बोलत होता. पेशवाईत पुण्याच्या रस्त्यावर आपल्या पूर्वजांची काय गत होती ते बाबासाहेबांनी १९३६ साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये नोंदवून ठेवलंय. गळ्यात मडकं, कमरेला झाडू. सवर्ण समोरून आला तर रस्ता सोडायचा, सावली पडू द्यायची नाही. आपण चालत होतो, पण ते चालणं आपलं नव्हतं. केरळात अय्यनकाळींनी १८९३ साली बैलगाडी सजवून बंदी असलेल्या रस्त्यावर घातली, ते बंडच होतं. आजही आपला नवरदेव घोड्यावर बसला की कुठं कुठं दगड पडतात. मग वाहन म्हणजे आपल्यासाठी नुसतं वाहन कसं असेल?

चाळीसगावची गोष्ट आठवा. १९२९ साल. बाबासाहेब गाडीतून उतरले. वस्ती चालत जाण्याइतकी जवळ. पण आपल्या माणसांना वाटलं, एवढा मोठा पाहुणा, पायी कसा न्यायचा? टांगेवाले महाराला घेऊन टांगा हाकायला तयार होईनात. शेवटी टांगा भाड्यानं मिळाला, हाकणारा मिळाला नाही. वस्तीतलाच एकजण हाकायला बसला, त्याला टांगा हाकायची सवय नव्हती. पुलावर चाक अडकलं, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पायाला जबर दुखापत झाली. टांगा नि घोडा खाली नदीत.

ही गोष्ट मी कितीदा तरी वाचलीय. आधी टांगेवाल्याच्या जातीच्या घमेंडीचा राग यायचा. आजही येतो. पण आता दुसरंही दिसतं. वस्तीतल्या त्या प्रेमळ माणसांना पायी चालणं अपमानाचं वाटलं. कारण चालण्याचा अपमान व्यवस्थेनंच त्यांच्या मनात रुजवला होता. अपमान पायात नसतो. 'तू पायीच चाल' अशी सक्ती असते तिच्यात असतो. सक्ती काढा, मग पाय उरतात. आणि त्या पायांनी काय काय केलंय ते बघा. महाडला आपण चालत गेलो. नामांतरासाठी ११ नोव्हेंबर १९७९ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँगमार्च निघाला तो पायी, औरंगाबादच्या दिशेनं. तिकडं अमेरिकेत मॉन्टगोमेरी नावाच्या शहरात बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध काळे लोक ५ डिसेंबर १९५५ पासून ३८१ दिवस बसमध्ये बसले नाहीत. कपडे धुणाऱ्या, स्वयंपाक करणाऱ्या बाया मैल न् मैल चालत कामावर गेल्या. तेच पाय, तोच रस्ता. पण चालायचं त्यांनी स्वतः ठरवलं होतं.

म्हणून जोडीदाराला माझं उत्तर असं : गाडी घे. जरूर घे. सुटाबुटात बस. पण गाडी घेण्याआधी तू जो होतास, तो माणूस अजून चौकात उभा आहे. तो तुझी माय असेल, तुझी बहीण असेल. रस्ता ओलांडता येत नाही म्हणून डोक्यावर पाटी घेऊन ती दहा मिनिटं खोळंबलीय. तू हॉर्न वाजवतोस तेव्हा नेमकं काय बोलतोस? "बाजूला हो" म्हणतोस. हे शब्द आपण याआधी कुठं ऐकलेत?

०

रस्त्यावरही उतरंड आहे. वर ट्रक नि बस, मग मोटार, मग मोटरसायकल, मग सायकल, मग हातगाडी. सगळ्यात शेवटी पायी चालणारा. प्रत्येकजण खालच्यावर गुरकावतो, वरच्याला वाट देतो. मोठं वाहन आलं की बाजू द्यायची, हे कुणी न शिकवता सगळ्यांना कळतं.

पण उपमा ताणायची नाही. जात जन्मानं चिकटते, बदलत नाही. वाहन विकत घेता येतं. गाडीतून उतरला की मोटारवालाही पायीच असतो. तेव्हा रस्त्यावरच्या उतरंडीला सरळ जातिव्यवस्था म्हणणं म्हणजे जातीचं दुःख स्वस्त करणं. मी तसं म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो की जातीनं ज्यांना मागं ठेवलं, तेच बहुतेक पायी असतात. पहाटे मजूर-अड्ड्यावर टोपलं-फावडं घेऊन उभं राहणारे कोण? झाडू घेऊन चौक झाडणाऱ्या बाया कोण? चौकाच्या कोपऱ्यात चपला शिवणारा कोण? तुम्हाला माहीत आहे.

आकडा पाहिजे? २०२२ साली देशात रस्त्यावरच्या अपघातांत १ लाख ६८ हजारांवर माणसं मेली. त्यात ३२ हजारांवर पायी चालणारी होती. दर पाच मृतांमागं जवळजवळ एक. तो कुणाला धडकला नव्हता, कुणाला मारायची ताकदही त्याच्यात नव्हती. दंगलीत एवढी माणसं मेली असती तर सरकारं पडली असती. इथं 'अपघात' म्हणतात आणि पंचनामा होतो.

माझा नि या वाशीम जिल्ह्याचा जन्म एकाच वर्षातला. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून हा जिल्हा फुटला. आपल्या जिल्ह्यातून, कारंजा, शेलूबाजार, मालेगावच्या बाजूनं समृद्धी महामार्ग गेला. ७०१ किलोमीटर. ५ जून २०२५ ला तो शेवटपर्यंत खुला झाला. सहा पदरी. त्यावर पायी चालायला बंदी, सायकलला बंदी, मोटरसायकललाही बंदी. ठीक आहे, एवढ्या वेगाच्या रस्त्यावर माणसानं चालू नये हे मलाही पटतं. पण ज्या राज्याला ७०१ किलोमीटर गाडीसाठी बांधता येतात, त्याला वाशिमात अकोला नाका, पुसद नाका, हिंगोली नाका अशा ठिकाणी म्हातारीला रस्ता ओलांडायला पन्नास फूट नीट का बांधता येऊ नयेत? हा प्रश्न पैशाचा नाही. हिशोबात कोण धरला जातो, त्याचा आहे.

०

आता चौक कसा असावा यावर बोलणारे पुष्कळ भेटतात. त्यात एक जमात आहे, गावच्या पाराच्या आठवणी काढणारी. वडाचं झाड, दगडी पार, संध्याकाळच्या गप्पा... किती छान होतं हो! होतं असेल. त्या पारावर आपला आजा बसला होता का? तो पाराखाली, लांब, जोहार घालत उभा होता. म्हणून कुणी 'जुना पार परत आणू' म्हटलं की मला घाम फुटतो. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत खेड्याचं गोडवं गाणाऱ्यांना सुनावलं होतं ते उगाच नाही. आपल्याला पार परत नकोय. आपल्याला जो कधी नव्हताच तो चौक पाहिजे.

कारण शहराच्या चौकात एक गोष्ट घडते जी गावात घडत नाही. शेजारी उभा आहे त्याची जात कळत नाही. चहाच्या गाडीवर एक पेला धुऊन दुसऱ्याला जातो. गर्दीत खांद्याला खांदा घासतो. ज्या देशात हजारो वर्षं सावलीचा विटाळ पाळला, तिथं अनोळखी माणसाचा खांदा लागणं आणि त्यानं वळून "माफ करा भाऊ" म्हणणं ही छोटी गोष्ट नाही. गाड्यांत ते होत नाही. प्रत्येकजण आपापल्या पत्र्यात, काच वर. गाडीला गाडी लागली तर भांडण होतं, माणसाला माणूस लागला तर ओळख होते.

बाबासाहेब समाजाबद्दल 'एन्डॉस्मॉसिस' असा शब्द वापरायचे. अवघड शब्द आहे. मी तो असा समजून घेतला : हरभरा रात्री पाण्यात टाकला की सकाळपर्यंत पाणी त्याच्या आत झिरपलेलं असतं, कवच न फोडता. समाजात माणसं अशी एकमेकांत झिरपली पाहिजेत. संविधानातली बंधुता ती हीच. पण झिरपायला वेळ लागतो. थांबावं लागतं. साठच्या वेगानं जाणारी माणसं एकमेकांत झिरपत नाहीत. म्हणून चौकात बसायला जागा असणं हा मला बंधुतेचा प्रश्न वाटतो. स्वातंत्र्य नि समतेसाठी कोर्ट आहे, कायदा आहे. बंधुतेसाठी कोर्ट नाही. तिला जागा लागते.

०

इथं एक खड्डा आहे, त्यात पडायचं नाही. 'चौक सुंदर करा' असं आपण ओरडलो की ते लगेच तयार होतात. सुशोभीकरण! कारंजं, रंगीत दिवे, लोखंडी जाळी, फोटो काढायचा कोपरा. आणि पहिली धाड कुणावर? चपला शिवणाऱ्यावर, भाजीवालीवर, चहाच्या गाडीवर. चौक देखणा झाला, माणसं गेली. मला उठवलं तो असलाच चौक.

अमेरिकेत विल्यम व्हाइट नावाच्या माणसानं न्यूयॉर्कमधल्या चौकांत कॅमेरे लावून वर्षानुवर्षं माणसं न्याहाळली, १९८० साली त्यावर पुस्तक काढलं. त्याचा मुख्य शोध ऐकाल तर हसाल : जिथं बसायला जागा असते तिथं माणसं बसतात. बस्स. पण त्याचा दुसरा शोध हसण्यासारखा नाही. 'नकोशी' माणसं बसू नयेत म्हणून मालक लोक कठड्यावर खिळे लावतात, बाकं काढतात; आणि त्यामुळं ती जागा सगळ्यांसाठीच मरते. म्हणजे अस्पृश्यता पाळणाऱ्याचीच विहीर आटते. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला १७ नोव्हेंबर १९६२ ला मुख्य बाजाराच्या रस्त्यावर मोटारी बंद केल्या. व्यापारी घाबरले, गिऱ्हाईक तुटेल म्हणाले. गिऱ्हाईक तुटलं नाही. साठ वर्षं उलटली, लोक तिथं चालतायत. आपल्या पुण्यातही लक्ष्मी रस्ता ११ डिसेंबरला पादचाऱ्यांसाठी मोकळा ठेवायची सुरुवात २०२१ साली झाली. वर्षातला एक दिवस. शहराला समजलं तरी की हे होऊ शकतं.

आणि गाडीवाल्या-फेरीवाल्यांना हुसकणं हा काही कायदा नाही. २०१४ चा पथविक्रेत्यांचा कायदा उलट सांगतो. आधी सर्वेक्षण करा, प्रमाणपत्र द्या, तोवर कुणाला हटवू नका. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्या. २०११ च्या जनगणनेत वाशीम शहर ७८ हजारांचं होतं. त्याचे अडीच टक्के म्हणजे जवळपास दोन हजार माणसांची भाकर. जागा ठरवणाऱ्या समितीत किमान चाळीस टक्के विक्रेतेच पाहिजेत, त्यात एकतृतीयांश बाया. मित्रहो, आपल्या नगरपरिषदेत ही समिती आहे का, तिची बैठक कधी झाली, हे तुमच्यापैकी किती जणांनी विचारलंय? फेरीवाला असला म्हणजे चौकाला डोळे असतात. रात्री अकराला एकटी पोरगी कामावरून येते तेव्हा तिला कारंज्याचा आधार वाटत नाही, चहाच्या गाडीचा वाटतो.

चालणाऱ्यासाठीही आता कोर्ट बोललंय. १४ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की चालायला योग्य पदपथ असणं हा संविधानाच्या एकविसाव्या कलमातला, म्हणजे जगण्याच्या हक्कातला भाग आहे. पदपथ मोकळा किती असावा याचंही माप आहे, किमान १.८ मीटर, सुमारे सहा फूट. दोन चाकखुर्च्या समोरासमोरून जातील एवढा. फूटपट्टी घ्या नि मोजा.

०

आता आपल्या घरात. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढताना आपलंही मुसळ दिसलं पाहिजे.

आपल्या महापुरुषाचा पुतळा चौकात असावा यासाठी आपली माणसं लढली, मार खाल्ला. १९९७ च्या ११ जुलैला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याच्या विटंबनेविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या दहा जणांचे जीव गोळीबारात गेले. पुतळ्याभोवती जाळी का लागते हे मला कुणी सांगायला नको. पण जाळीच्या बाहेरची जागा? तिथं आपण काय केलं? वाढदिवसाचे फ्लेक्स लावले, त्यावर पन्नास चेहरे. पदपथावर मांडव टाकला. मोटरसायकली उभ्या केल्या. चौदा एप्रिलला चौक आपला असतो, पंधरा एप्रिलला तो पुन्हा गाड्यांचा. ज्या माणसानं पुस्तकांसाठी घर बांधलं, त्याच्या पुतळ्याच्या सावलीत बसून पोराला पेपर वाचता येईल असं एक बाक आपल्याला सुचलं नाही!

आणि बाया. हे लिहिताना माझी जीभ जड होते. मी मायला विचारलं, "माय, तू चौकात कधी बसली का वं?" तिला प्रश्नच कळला नाही. म्हणाली, "चौकात काहाले बसू? मी का रिकामी हाय? अन् बाई माणूस चौकात बसलं तं लोक काय म्हणतीन?" तीस वर्षं ती त्या चौकातून जाते. सोयाबीन सोंगायला, निंदायला, बाजाराला. तीस वर्षांत एकदाही थांबली नाही. मला चौकीदारानं उठवलं म्हणून मी एवढा लेख लिहिला. तिला उठवायची कुणाला गरजच पडली नाही, कारण ती बसलीच नाही. तिच्यासाठी चव्हाटा अजून चव्हाटाच आहे. आणि तो तसा राखण्यात चौकात टोळकं करून उभे राहणारे आपणही आहोत. कार्यकर्ते! चौकात बाईसाठी मुतारी नाही, हे आपल्यातल्या किती जणांच्या ध्यानात आलं? मुंबईत २०११ पासून बायांनी या एका मागणीवर चळवळ उभी केली. आपण अजून लाजतोय.

तेव्हा माझी कसोटी बदलली. चौक चांगला की वाईट हे माझ्यावरून ठरवायचं नाही. डोक्यावर ओझं असलेली, खिशात पैसा नसलेली, पायात गोळा आलेली बाई तिथं न घाबरता ओलांडू शकते का, टेकू शकते का, पाणी पिऊ शकते का? हो असेल तर तो चौक सगळ्यांचा. नसेल तर दिवे कितीही लावा.

०

मागायचं काय? कोट्यवधींचं काही नाही.

वळणाचे कोपरे आवळून घ्या. कोपरा रुंद असला की गाडी वेग न मोडता वळते, आवळला की तिला हळू व्हावंच लागतं. ओलांडायची जागा रस्त्यापेक्षा चार बोटं उंच करा, म्हणजे माणूस खाली उतरणार नाही, गाडी वर चढेल. रस्ता रुंद असेल तर मधोमध उभं राहायला ओटा करा. धडधाकट माणूस सेकंदाला चार फूट चालतो, ओझेवाली म्हातारी तीनही चालत नाही. पन्नास फुटांना तिला सतरा-अठरा सेकंद लागतात. सिग्नल तिच्या पावलांवर लावा, माझ्या नाही. वेग तिसाच्या आत ठेवा. साठच्या वेगाचा मार तिसाच्या दुप्पट नसतो, चौपट असतो. हे शाळेतलं गणित आहे. कडुनिंब लावा. आपल्या वैशाखात सावली नसलेला चौक म्हणजे तवा. पाठ टेकायला बाक. दिवा. बायांची मुतारी, पाण्यासकट. आणि नळ. उघडा, सगळ्यांचा, ओंजळ धरली की पाणी पडेल असा. महाडला ज्यासाठी एवढं झालं, ते पाणी आज चौकात विकतच्या बाटलीत मिळतं.

पण मागण्याआधी मोजा. ज्याची नोंद नाही तो नसल्यासारखाच, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक? तुमच्या गावातला एक चौक धरा. वाशिमचा पाटणी चौक असो, कारंज्याचा, रिसोडचा, मंगरुळपीरचा, मानोऱ्याचा. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत पाळीपाळीनं चारजण बसा. दोन बायका असल्याच पाहिजेत. वहीत रेघा मारा. किती पायी गेले, किती गाडीवर. किती थांबले, कुठं थांबले, उन्हात की सावलीत. कितीजणी ओलांडताना मागं फिरल्या. कुणाला कुणी उठवलं. ती वही घेऊन नगरपरिषदेत जा. निवेदन फेकून देता येतं, आकडे फेकायला त्रास होतो.

मी मोजायला बसलो. त्याच कारंज्यापाशी, सुट्टीच्या दिवशी, वही घेऊन. तो चौकीदार आला. मी या वेळी विचारलं, "काऊन बसू नाई? कोण म्हणलं?" तो गडबडला. म्हणाला, "सायबाचा हुकूम हाय भाऊ. मले काय माईत." मग वहीत डोकावला. मी काय करतोय ते सांगितलं. आपल्यातलाच निघाला. बारा तासांची पाळी. ठेकेदारानं काठी दिलीय, शिट्टी दिलीय, खुर्ची दिलेली नाही. चौकात कुणी बसू नये म्हणून ठेवलेला माणूस बारा तास उभा.

मी सरकून जागा केली. तो बसला नाही. इकडंतिकडं बघून म्हणाला, "माझीबी रेघ मार. थांबलेल्यात."

मारली.

जय भीम.